वॉल बदलायचा का?

आमच्या दुकानात भांडणं पंक्चरवरून होत नाहीत, वॉलवरून होतात. खिळा दाखवता येतो. ट्यूब घमेल्यात बुडवली की बुडबुडे येतात, गिऱ्हाईक वाकून बघतं, त्याला पटतं. पण धडधाकट दिसणाऱ्या चाकाकडे बघून बाबांनी ‘वॉल बदलायचा का?’ असं विचारलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटतो: लुटायला बसलेत.

त्याचंही अगदीच चुकत नाही. एका पंक्चरची तीन करणारे आमच्या धंद्यात आहेत. त्यांनी कमावलेला संशय बाबा रोज फेडतात.

कऱ्हाडजवळ हायवेला आमचं दुकान आहे. कॉलेजला पुण्यात येईपर्यंत संध्याकाळी मी तिथेच असायचे, त्यामुळे वॉल मला पाढ्यांसारखा पाठ आहे. चाकातून डोकावणारी ती बोटभर नळी म्हणजे वॉल. तिच्या आत स्प्रिंगवर बसलेली एक बारीक पिन असते. हवा भरताना ती दाबली जाते. पाइप काढला की स्प्रिंग तिला परत वर ढकलते आणि मग आतली हवाच दार घट्ट लावून धरते. बाहेर पडू बघणाऱ्या हवेलाच राखणीला बसवायचं, ही युक्ती मला अजून भारी वाटते. जर्मनीहून न्यूयॉर्कला गेलेल्या श्रेडर कुटुंबाचं हे काम, पेटंट १८९३ चं. तुमच्या स्कूटरला, कारला, ट्रकला आजही तोच वॉल आहे. आजोबांच्या काळ्या सायकलचा वेगळा. त्यात पिन नाही, रबराची इवलीशी वॉल ट्यूब असते. ती कुजली की नवा तुकडा चढवायचा, काम झालं.

हवा रोज थोडी कमी होत असेल, तर बाबा बोटाला थुंकी लावून वॉलच्या तोंडावर टेकवतात. फुगा आला की पिन गेली. शहरातली माणसं तोंड फिरवतात म्हणून हल्ली साबणाच्या पाण्याची बाटली ठेवलीय, पण घाईत अजून थुंकीच. पिन बदलायला मिनिटसुद्धा लागत नाही.

खरी अडचण वॉलच्या मुळाशी असते. ट्यूबवाल्या बाईकचा वॉल ट्यूबलाच चिकटवलेला असतो. कमी हवेवर ब्रेक मारत राहिलं की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि वॉल तिरका होतो. एक दिवस मुळातून फाटतो. तिथे पॅच धरत नाही, ट्यूबच नवी घ्यावी लागते. तुमच्या बाईकचा वॉल तिरका दिसला तर तेवढ्यावरच दुकान गाठा.

ट्यूबलेसचा वॉल रिमच्या भोकात बसवलेला रबराचा असतो. ऊन, उष्णता आणि वयानं रबर तडकतं. तो बदलायचा तर टायरची कड रिमवरून उतरवावी लागते. म्हणून नवा टायर घालताना वॉलही नवा घालायचा, कारण तेव्हा ते फुकटात उरकतं. (हिरव्या टोपीच्या नायट्रोजनला पैसे मोजणारे लोक इथे मात्र काटकसर करतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.)

मागच्या दिवाळीत एक कार हवा बघायला थांबली. चारही टायर कोरे करकरीत, दुसऱ्या कुठल्या तरी दुकानातून घातलेले. वॉल जुनेच. बाबांनी विचारलं. गाडीवाले उखडले, “आत्ताच एवढे हजार घालवलेत. तुमचे धंदे माहितीयेत आम्हाला.”

बाबांनी वाद घातला नाही. पुढच्या चाकापाशी बसले, वॉलला अंगठा लावून म्हणाले, “सायेब, कान लावा हितं.”

साहेब जागचे हलले नाहीत. त्यांच्या बायको उतरल्या आणि साडी सावरत चाकाशी वाकल्या. बाबांनी वॉल हळूच वाकवला. मुळाशी केसासारख्या भेगा उघडल्या आणि सुस्स आवाज आला. मागच्या सीटवर दोन पोरं झोपली होती.

“काका, चारही बदला,” त्या म्हणाल्या.

तासभर गेला. बिलावर बाबांनी नेहमीसारखं वॉल वेगळे आणि मजुरी वेगळी लिहिली, जुने वॉल कागदात बांधून पुढे केले. साहेब म्हणाले, टाकून द्या. बाईंनी पुडी पर्समध्ये ठेवली. टायर घालणाऱ्याला त्यांना ते दाखवायचे होते.