भाऱ्याला काटा लावला



भातकापणी आटपत आलीय. आमचं सूस 2021 ला पुणे महापालिकेत गेलं, पण खाचराचा बांध आहे तेवढाच राहिला, वीतभर. ट्रॅक्टर रस्त्यावर थांबतो, तिथपर्यंत भारा जातो डोक्यावरच. आणि डोकं बहुतेक बाईचं.

यात कसब आहे. जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून चुंबळ करायची, टाळूवर मधोमध ठेवायची. वजन पसरतं, भारा हलत नाही. मान ताठ, नजर पुढं, पाऊल छोटं. भारा चढवायला आणि उतरवायला दुसरा माणूस हवाच. आपटला तर लोंबीतला दाणा झडतो आणि मानेला हिसका बसतो तो वेगळाच.

केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा एक अभ्यास 1986 साली छापून आला. अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझं डोक्यावर किंवा कपाळाच्या पट्ट्यावर घेऊन चालताना त्यांना जादा शक्ती लागली नाही. त्याच्या पुढं मात्र लागली. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला दहा किलो. आमचा दव धरलेला भारा काट्यावर ठेवला, सव्वीस भरला!

आपल्या मुळशी-मावळची कितीतरी माणसं मुंबईत डबेवाले झाली, तीही डब्यांची पाटी डोक्यावरच घेतात. माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी राज्यात 1969 चा माथाडी कायदा आहे. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पोत्याचं वजन कमी व्हावं म्हणून लढा दिला. युरियाची गोणीसुद्धा 2018 पासून 45 किलोची झाली. पोत्यावर वजन छापलेलं असतं. भाऱ्यावर कोण छापणार? शेतातल्या बाईच्या मानेचा हिशोब कुठल्याच खात्यात नाही.

माझ्या चुलतीला आता मागं बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. चाळीस वर्षं भारे वाहिलेत तिनं.

म्हणून यंदा भारे निम्मे बांधले. दव उतरल्यावरच वाहतूक, आणि पुरुषांनीही खेपा घातल्या. एक दिवस जास्त गेला, एका दिवसाची मजुरी वाढली. ती भाताच्या खर्चात लिहिली, जशी खताची लिहितो तशी. परवडतं का? दाण्याचा भाव बघितला तर अवघडच आहे. पण इतकी वर्षं तो खर्च कुणीतरी मानेनं भरतच होतं की.

तुमच्याकडं भारा किती किलोचा असतो? एकदा काट्यावर ठेवून बघा आणि खाली लिहा.