विनिपेगचे जुन्या दारांचे दुकान

लेकीकडे कॅनडात विनिपेगला गेलो, तेव्हा जुन्या घरसामानाचे दुकान पाहिले. नाव ‘रीस्टोअर’. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेचे असे पहिले दुकान याच शहरात १९९१ साली निघाले. घर मोडताना निघालेली दारे, खिडक्या, बेसिने, फरश्या लोक फुकट आणून देतात. विक्रीच्या नफ्यातून गरजूंची घरे उभी राहतात. दारांच्या रांगेतच माझा तास गेला! आपल्याकडे वाडा पाडला की सागवानी चौकटसुद्धा कधीकधी जळणात जाते. तिथले गिऱ्हाईक चौकटीचे माप कागदावर लिहूनच येते. दार डावीकडे उघडते की उजवीकडे, तेही पाहते. जुन्या रंगात मात्र शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये. धूळ लहान पोरांना फार बाधते.