पेढ्याच्या मनाला उद्योग



आमच्या घरात ससा आहे हे कळल्यापासून दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, तो रोज गाजरं किती खातो? आणि दुसरा जरा आवाज खाली आणून, "मुका जीव असा घरात कोंडून ठेवणं आपल्यात बसतं का हो?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गाजर आमच्या घरात येतच नाही आणि पेढ्याचं त्यावाचून काही अडत नाही. सशासाठी गाजर म्हणजे गोड खाऊ, रोजचं जेवण नव्हे. त्याचं खरं जेवण वाळलेलं गवत. कांदा-लसूण सशाला विषारीच, बटाटाही द्यायचा नाही. म्हणजे खाण्याच्या बाबतीत हा आमच्या नातवंडांपेक्षा कडक जैन निघाला! फक्त चौविहार त्याला जमणार नाही. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला खरा जागा असतो, रात्रीही चरतो, आणि त्याचं पोट फार वेळ रिकामं राहिलं तर जिवावर बेततं.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र एका वाक्यात उत्तर नाही, म्हणून हा लेख.

पेढा आम्ही विकत आणलेला नाही. शेजारच्या इमारतीतलं एक कुटुंब परदेशी निघालं, ससा न्यायचं जमेना, तेव्हा तो पिंजऱ्यासकट आमच्याकडे आला. पिंजरा दोन फूट बाय दीड फूट. नातीनं नाव ठेवलं पेढा, कारण रंग अगदी तसाच. मुलगा म्हणाला, "आई, कोणाच्या तरी शेतावर सोडून देऊ, मोकळा राहील." ऐकायला ही जीवदया वाटते, पण शेतात दिसतो तो आपला ससा वेगळा. तो गवतात दबून राहतो आणि पळण्यात पटाईत असतो. घरात पाळतात ती जात मूळची युरोपातली, बिळं खणून कळपानं राहणारी, आणि माणसाच्या हाताखाली कित्येक पिढ्या वाढलेली. असा ससा शेतात सोडला तर कुत्रं, मांजर नाहीतर घार, पहिल्या दोन दिवसांतच. पांजरपोळीचाही विचार झाला, पण गाईगुरांच्या गर्दीत या एवढ्याशा जीवाकडे कोण बघणार? नीट सांभाळला तर पाळीव ससा आठ-दहा वर्षं जगतो. तेव्हा ठरलं, राहू दे.

पहिल्या आठवड्यात तो रात्रभर पिंजऱ्याची एकच सळई कुरतडायचा. कर्र कर्र, एकाच जागी. दिवसा भिंतीकडे तोंड करून बसायचा. खायला होतं, पाणी होतं, खाली स्वच्छ होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहिले, पोट चाचपलं आणि म्हणाले, "आजारी नाही, कंटाळलाय."

आमचे हे हसले, "सशाला कसला कंटाळा?" मला मात्र हसू आलं नाही. लहानपणी पाठशाळेत जीवांचे भेद आपण सगळ्यांनीच घोकलेत. एकेंद्रिय, बेइंद्रिय असं करत पंचेंद्रियापर्यंत आलो की त्यात पुन्हा दोन प्रकार, संज्ञी आणि असंज्ञी. मन असलेले आणि मन नसलेले. ससा कुठे बसतो? संज्ञी पंचेंद्रियात. म्हणजे त्याला मन आहे हे आपल्याला डॉक्टरांच्या कितीतरी आधी सांगितलेलं होतं. आणि प्रतिक्रमणात पहिल्या व्रताचे अतिचार आपण म्हणतो, त्यात मारणं आणि उपाशी ठेवणं तर आहेच, पण सुरुवात होते ती 'बंध' या शब्दानं. जनावर बांधायचंच झालं तर सैल बांधावं, त्याला हलता यावं, आग लागली तर सुटता यावं, असं जुन्या टीकाकारांनी समजावलंय. मला वाटतं, दिवसभर करायला काहीच नसणं हीसुद्धा आवळून बांधलेली दोरीच आहे.

तर पहिलं काम पिंजऱ्याचं दार काढलं. आता ती त्याची झोपायची जागा आहे, येऊन जाऊन. धाकटी खोली त्याला दिली, विजेच्या वायरी प्लॅस्टिकच्या नळीतून नेल्या, कारण वायर दिसली की ससा ती तोडतोच. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात म्हणून जुनी सतरंजी अंथरली.

मग आडोसा. मेघकुमाराची कथा आपल्याला पाठ आहे. वणव्यात हत्तीनं अंग खाजवायला पाय उचलला, त्या रिकाम्या जागेत ससा शिरला, आणि हत्ती अडीच दिवस पाय उचलून उभा राहिला. आपण हत्तीची करुणा आठवतो आणि ते बरोबरच आहे. पण ससा पाळल्यावर मला त्यातला ससाही दिसायला लागला. एवढ्या गर्दीत त्यानं डोक्यावर छप्पर मिळेल अशी जागा शोधली. प्रत्येक ससा हेच करतो. लपायला जागा असली तरच त्याला बाहेर येऊन खेळायचा धीर होतो. म्हणून पुठ्ठ्याचं खोकं घ्या, त्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढा, आणि दारं दोन कापा. एकाच दाराच्या खोक्यात तो नाखुशीनंच जातो, पलीकडून पळायची वाट नसते ना.

आता खेळ. बाजारातून आणलेल्या घुंगराच्या चेंडूला तो इतका घाबरला की मागचा पाय फरशीवर दाणदाण आपटत बसला. तो चेंडू नातीला परत केला. खरा उपयोग झाला तो आमच्या कापडाच्या दुकानातल्या वस्तूंचा. ताग्याच्या आत पुठ्ठ्याची नळी असते, तिचे वीतभर तुकडे करते. त्यात वाळलेलं गवत ठासून भरते आणि मध्ये पुदिन्याची दोन पानं लपवते. तेच गवत ताटलीत ठेवलं तर तोंड लावून निघून जातो, नळीतून ओढून काढायला मिळालं तर अर्धा तास गुंग. रानात ससा दिवसाचा केवढा तरी वेळ अन्न शोधण्यात घालवतो, आपण वाटी पुढे ठेवून त्याचा तो धंदाच बंद करतो. आता वाटी जवळजवळ बाद झालीय. कोथिंबिरीची जुडी दोरीला चिमट्यानं टांगते, त्याला मान उंच करावी लागेल इतपत. मेथीची चार पानं कागदात बांधते, जुन्या काळी वाणी बांधायचा तशी पुडी, आणि खोलीभर पाच-सहा पुड्या लपवते. वास काढत फिरतो, पुडी फाडतो, पानं खातो, कागद भिरकावतो.

ससा खणणारा प्राणी, त्याला खणायला हवंच. लोक मातीचं टोपलं ठेवतात. माझं मन माती ठेवायला होईना, पृथ्वीकायाची विराधना रोज कशाला? म्हणून खोक्यात कागदाच्या पट्ट्या भरल्या. पण छापील कागद नाही हं, अक्षरांवर त्यानं पाय द्यावा, घाण करावी, ही ज्ञानाची आशातना. दुकानातला कोरा खाकी कागद घेते. तो त्यात डोकं खुपसून असा खणतो की पट्ट्या हॉलपर्यंत येतात. सूनबाईंना केर काढावा लागतो, त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत, मीच काढून टाकते.

दातांनाही काम हवं, कारण सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत हा त्यावरचा मोठा उपाय, शिवाय तुतीची वाळकी काटकी. अष्टमी-चतुर्दशीला मी हिरवं चिरत नाही, त्या दिवशी पेढ्याला नुसतं वाळलेलं गवत. त्याचं काही बिघडत नाही. गवत मात्र आधी उन्हात पसरून, झाडून, निवडून घेते, त्यात बारीक जीव असतात.

स्टीलचे तीन पेले एकावर एक रचून ठेवले की पेढा येऊन नाकानं पाडतो. मग माझ्याकडे बघतो, पुन्हा रच. हा खेळ त्याला कधीच जुना होत नाही. अडचण एकच, पहाटे पाचलाही त्याला तोच सुचतो, म्हणून रात्री पेले उचलून ठेवते.

बाकीचे खेळ जुने होतात. मी बी.कॉम. झालेली, हिशेबाची वही ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. कोणता खेळ कधी दिला आणि किती दिवस टिकला हे लिहून ठेवते. नवं खोकं चार दिवस, नळी आठवडाभर. रस संपला की ती वस्तू कपाटात, पंधरा दिवसांनी पुन्हा बाहेर. त्याला ती नवीच वाटते.

"त्याला जोडीदार आणा," असंही सांगतात. ससा एकटा राहणारा प्राणी नाही हे खरंच. पण नर-मादी आणली तर महिन्याभरात पिल्लं, नाहीतर शस्त्रक्रिया, आणि यातलं काहीच माझ्या मनाला पटेना. तेव्हा त्याचा कळप आम्हीच. सामायिक दुसऱ्या खोलीत करते, ते पारलं की त्याच्या खोलीत जमिनीवर बसते. उचलून घेत नाही. ससा हवेत उचलला की त्याला शिकाऱ्यानं धरल्यासारखं वाटतं, धडपडला तर पाठीचा कणाही मोडू शकतो. नातीलाही हेच शिकवलंय, तू बस, तो येईल. येतो. हनुवटी गुडघ्याला घासतो, म्हणजे ही माझी. खुशीत असला की जागच्या जागी हवेत उडी घेऊन अंगाला पीळ देतो. पहिल्यांदा ती उडी पाहिली तेव्हा त्याला येऊन अडीच महिने झाले होते. सळई कुरतडणं त्याआधीच थांबलं होतं.

आता पर्युषण येतंय. आठ दिवस सकाळी व्याख्यान, संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे नेमक्या पेढ्याच्या जागेपणाच्या वेळा. सोय अशी केलीय: सकाळी निघताना गवताच्या दोन नळ्या आणि एक नवं खोकं मी लावून जाईन. दुपारी तो झोपतो, त्याला कोणी हात लावायचा नाही. संध्याकाळी पेले रचायचं काम नातीकडे. आणि संवत्सरीला माझा उपवास असला तरी पेढ्याचा नाही, हे आमच्या ह्यांना मी फळ्यावर लिहून ठेवलंय.