पाणी न पिणारं गवत

निवृत्त माणसाच्या रिकाम्या अंगणावर सगळ्यांचा डोळा असतो. शेजाऱ्याला तिथे स्कूटर लावायची असते, घरातल्या मंडळींना कुरडया वाळवायच्या असतात आणि रस्त्यावरच्या गाईला नुसतंच आत यायचं असतं. यवतमाळातल्या आमच्या अंगणाचा निकाल मात्र पुण्यात लागला. नोकरीच्या निमित्ताने तिकडे असलेल्या चिरंजिवांना गोल्फचा नाद लागला आणि त्यांनी आमच्या अंगणासाठी गोल्फ धाडला!

सगळा गोल्फ नव्हे. पुऱ्या खेळाला शे-दीडशे एकर जागा लागते आणि एवढी जमीन आमच्या घराण्यात फक्त आजोबांच्या गप्पांत होती. आमच्या वाट्याला आलं ते या खेळाचं शेपूट. भोकाजवळ आलेल्या चेंडूला काठीने हलकेच टिचकी मारून आत लोटायचं. याला पटिंग म्हणतात. भोक ४.२५ इंचांचं, चेंडू १.६८ इंचांचा. एवढी ऐसपैस जागा असूनही चेंडू बाहेरच राहतो, हे पाहून मला सरकारी कचेरीतल्या अर्जांची आठवण होते.

"बाबा, रोज खेळत जा. गुडघ्यांना बरं," फोनवर चिरंजीव म्हणाले, "आणि मी आलो की आपण दोघं खेळू."

या शेवटच्या वाक्यावर ही विरघळली. 'मी आलो की' हे शब्द आमच्या घरी लॉटरीच्या तिकिटासारखे जपून ठेवले जातात.

"अरे, पण गवताला पाणी?" मी विचारलं. यवतमाळकराच्या तोंडून हा प्रश्न आपोआप निघतो. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही आमची दोन्ही धरणं तळाला गेली, तेव्हापासून आमच्याकडे दागिन्यांच्या कपाटापेक्षा पाण्याच्या ड्रमांवर पहारा कडक असतो.

"हे गवत पाणी पीतच नाही. प्लास्टिकचं आहे ते!"

या गवताची जन्मकथाही मजेदार आहे. अमेरिकेत ह्यूस्टन गावी १९६५ साली बेसबॉलचं एक अवाढव्य मैदान छपराखाली बांधलं. वरून पारदर्शक तावदानं, खाली खरं गवत. तावदानांतून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. चेंडू दिसू लागला, पण उन्हावाचून गवत मेलं. शेवटी १९६६ साली तिथे प्लास्टिकचं गवत अंथरलं. आपलं आणि या गवताचं काही फारसं सख्य नाही. १९७५ साली आपण हॉकीचा विश्वचषक जिंकलो तो साध्या गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि आपण सातवे आलो!

तरीही मिस्त्री आला. अंगणाची काळी माती चिमटीत घेऊन वैद्याने नाडी पाहावी तसा चेहरा केला. "साहेब, हे माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात फाटते. वरचं गवत आपोआप कपाशीच्या तासासारखं होते. अख्खी काढा लागते."

मग फूटभर माती निघाली. मुरूम पडला, त्यावर गिट्टी, त्यावर बारीक चुरी. पाणी साचू नये म्हणून एका बाजूला किंचित उतार. प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केलं. पाणी न पिणाऱ्या गवताच्या पायानेच चार ड्रम पाणी प्यालं. मग गालिचासारखं ते गवत उलगडलं, सांधे चिकटवले, पाती ताठ उभी राहावीत म्हणून वर बारीक वाळू झाडूने घोळवली.

माती उपसायला आलेल्या मावशी हरळीच्या मुळ्यांचा भारा बांधून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "जलम गेला जी वावरातली हरळी उपटू उपटू, अन् तुम्ही इकत आणून लावून राहिले?"

मी निरुत्तर झालो. त्यांना सांगितलं नाही, पण उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर बर्म्युडा नावाचं जे गवत साहेबलोक लेकरासारखं वाढवतात, ते मुळात आपलं हरळीच. तीच गणपतीची दूर्वा!

मे महिना आला. यवतमाळचं ऊन प्लास्टिकची गय करत नाही. माती निदान रात्री निवते आणि खरं गवत आपल्या अंगातला ओलावा सोडून स्वतःला थंड ठेवतं. या गवताला ती विद्या नाही. दुपारी ते तव्यासारखं तापतं. हिच्या कुरडया त्यावर एका दुपारीत कडकडीत झाल्या आणि गोल्फबद्दल तिचं मत प्रथमच चांगलं झालं. पण सोबत आलेल्या कागदावर उपाय लिहिला होता : 'पृष्ठभाग थंड करण्यासाठी पाणी शिंपडावे.'

"तुळशीला तांब्या पुरतो," ही म्हणाली, "आणि तुमच्या न पिणाऱ्याला बादली?"

ड्रमाचं झाकण तिच्या ताब्यात असल्यामुळे खटला तिथेच संपला. मी उन्हाच्या आधी, पहाटे खेळू लागलो. गाय एकदा आली, हुंगलं, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि निघून गेली.

दिवाळीत चिरंजीव दोन दिवसांसाठी आले. पहाटे आम्ही दोघं स्वेटर घालून उभे. या खेळाचा एक गुण तेव्हा कळला : यात एकमेकांच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. दोघंही चेंडूकडे पाहतात.

"नोकरीचं काही खरं नाही, बाबा," तो चेंडूला म्हणाला. फोनवर आठ महिने तो 'सगळं मजेत' सांगत होता.

"घर आहे ना इथं," मीही चेंडूलाच सांगितलं.

त्याने टिचकी मारली. चेंडू सरळ भोकाकडे निघाला आणि वीतभर अलीकडे अडला. पावसाळ्यात सांध्यातून हरळीने डोकं वर काढलं होतं. चांगली हिरवीगार, कुणी घोटभर पाणी दिलं नव्हतं तरी.

"बाबा, ही उपटून टाका ना!"

"हात लावू नकोस," आतून आवाज आला, "चतुर्थीला लागते मला."