तुमच्या देशात उपलब्ध नाही

संध्याकाळी साडेसात वाजता अण्णांनी टीव्ही लावला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. ही चित्रफीत तुमच्या देशात उपलब्ध नाही, असा त्यांचा अर्थ. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, आपण कुठल्या देशात आहोत?"

आम्ही कोलकात्यात होतो. जादवपूरजवळच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. तौलनिक साहित्यात एम.ए. करायला मी इथे आले, बांगला शिकले, राहून गेले. आता बांगलातून मराठीत अनुवाद करते. आई गेल्यावर अण्णा मिरजेचं घर बंद करून माझ्याकडे आले. त्यांना बांगला येत नाही. औषधाच्या दुकानात, रिक्षात, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांशी बोलताना ते माझ्या तोंडाकडे पाहतात. संध्याकाळी मात्र एका व्हिडिओ सेवेवर जुन्या संगीत नाटकांची चित्रणं लावतात. त्या दिवशी 'सौभद्र' अर्धं राहिलं होतं. दिवसातले तेवढे दोन तास त्यांना कोणाला काही विचारावं लागत नाही.

आधी मी सगळे करतात तेच केलं. टीव्ही बंद करून चालू केला. राउटरची वायर काढली, थांबले, पुन्हा लावली. तेच. मग फोनच्या डेटावर तेच नाटक लावलं, तर लगेच सुरू झालं. म्हणजे आमचं खातं ठीक होतं, नाटकही जागेवर होतं. भानगड घरातल्या वायफायची होती. आपला आयपी ॲड्रेस कुठला आहे हे सांगणाऱ्या तीन संकेतस्थळांवर पाहिलं. पहिल्याने कोलकाता सांगितलं, दुसऱ्याने मुंबई. तिसऱ्याने सांगितलं, बुखारेस्ट, रोमानिया.

अण्णांनी कागद मागून घेतला आणि तिन्ही उत्तरं तारीख घालून लिहिली. ते मिरजेच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. रात्रीच्या गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकायची, हे त्यांचं काम. मिरज म्हणजे मराठी आणि कानडीची वेस. मराठी वळणाने लिहिलेलं कानडी गाव आणि कानडी लिपीतलं मराठी गाव त्यांना सारखंच ओळखू यायचं. 'वडगाव' एवढंच लिहिलेलं पत्र आलं की कुठलं वडगाव, हा प्रश्न. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला तेव्हा ते नोकरीत नवे होते. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते, हे ते अजून अभिमानाने सांगतात. पहिला आकडा चार असला की पत्र महाराष्ट्राच्या बाजूचं, सात असला की बंगालच्या. "आता तुझ्या या आयपीचा पहिला आकडा कुठला विभाग सांगतो ते बघ," ते म्हणाले.

कुठलाच नाही, हे मला त्यांना समजावावं लागलं, आणि त्याआधी स्वतः समजून घ्यावं लागलं.

आयपी ॲड्रेस म्हणतात खरा, पण त्यात गाव नसतं. जुन्या पद्धतीचे, चार आकड्यांचे असे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटी. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटले गेले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचा साठाही शेवटच्या गठ्ठ्यावर आला आणि रेशनिंग सुरू झालं. नवे, लांब पत्ते आले, पण जुन्यांची गरज संपली नाही. म्हणून जुने पत्ते विकले जातात, भाड्यानेही दिले जातात. आमच्या गल्लीला इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या कंपनीने असाच एक गठ्ठा घेतला होता, आधी रोमानियात वापरलेला. कोणता पत्ता कुठे आहे याच्या याद्या काही खासगी कंपन्या तयार करून विकतात. नोंदवह्या पाहून, निरोप जायला-यायला लागणारा वेळ मोजून त्या अंदाज बांधतात. व्हिडिओ सेवा त्यातली एखादी यादी विकत घेते. पत्ता बंगालमध्ये आला तरी यादी सुधारेपर्यंत, आणि सुधारलेली यादी सेवेकडे पोचेपर्यंत, आमचं घर बुखारेस्टमध्येच राहणार होतं.

"पण त्यांना देश कशाला कळायला हवा?" अण्णांनी विचारलं. याचं उत्तर मला सोपं होतं. माझ्या प्रत्येक करारात एक कलम असतं : अमुक भाषा, अमुक प्रदेश, अमुक वर्षं. चित्रणांचे हक्कही तसेच देशादेशाने विकले जातात. फक्त माझं पुस्तक वाचणारा कुठल्या गावी बसला आहे, हे कोणी पाहायला जात नाही.

बांगलाच्या अनुवादकाला बुखारेस्ट अगदीच परकं नाही. मिर्चा एलियादे १९३० मध्ये भवानीपूरला सुरेंद्रनाथ दासगुप्तांच्या घरी राहिला आणि १९३३ मध्ये त्याची 'मैत्रेयी' ही कादंबरी रोमानियनमध्ये आली. जिच्यावर ती बेतली होती त्या मैत्रेयी देवींनी १९७४ मध्ये 'न हन्यते' लिहून आपलं म्हणणं मांडलं. मधल्या चार दशकांत कोलकात्यातल्या त्या घराची दूरदेशी झालेली नोंद युरोपात एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात राहिली होती.

चुकीच्या नोंदीची किंमत नेहमी एका नाटकाएवढीच असते असंही नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळ एक शेतघर आहे. एका मोठ्या यादीत ज्या पत्त्यांबद्दल 'अमेरिकेत कुठेतरी' एवढंच ठाऊक होतं, ते सगळे देशाच्या मध्याजवळच्या एका बिंदूवर टाकले होते. उत्तर अक्षांश ३८, पश्चिम रेखांश ९७, सोयीसाठी घेतलेले पूर्णांक. २०१६ मध्ये हे उघडकीला आलं तेव्हा त्या एका बिंदूवर ६० कोटींहून जास्त पत्ते होते, आणि बिंदूखाली ते शेत. वर्षानुवर्षं तिथे पोलीस येत होते, कधी चोरांना तर कधी घरातून निघून गेलेल्या मुलांना शोधत. शेवटी कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन ठेवला.

हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे 'माहीत नाही' असा खणच नव्हता त्यांच्याकडं? आमच्याकडं पत्ता लागला नाही तर पत्र आरएलओला जायचं, रिटर्न्ड लेटर ऑफिसला. कुणाच्या तरी दारात टाकून मोकळं व्हायचं नाही."

हे मला लागलं, कारण असा एक चुकीचा पत्ता मी स्वतः छापलेला आहे. माझ्या पहिल्या अनुवादात एक कारकून पूजेच्या सुटीत 'देशे' जातो. मी लिहिलं, 'मायदेशी गेला'. बांगलात देश म्हणजे राष्ट्र, तसंच मूळ गावही. त्या कारकुनाचा देश बर्धमान जिल्ह्यात होता, हावड्याहून लोकलने दोन-अडीच तासांवर. मी त्याला सीमेपलीकडे धाडून दिलं. मला शंका आली होती, विचारायला माणसंही होती, पण मुदत जवळ आली होती आणि वाक्य कानाला बरं वाटत होतं. एका वाचकाने पत्र लिहून चूक दाखवली. तोवर एका परीक्षणात ते वाक्य फाळणीच्या दुःखाचं उदाहरण म्हणून येऊनही गेलं होतं.

अण्णा आल्याआल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना जिन्यात विचारलं होतं, "आपनार देश कोथाय?" अण्णा जरा बुचकळ्यात पडून म्हणाले होते, "भारत." मराठीतही देश एक नाही; कोकणातल्या माणसाला विचारलं तर मिरज देशावर.

शेजारचा मुलगा म्हणाला, व्हीपीएन घ्या. घेतलं. पण २०२२ मध्ये ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवण्याची सक्ती झाल्यावर अनेक व्हीपीएन कंपन्यांनी आपली यंत्रं भारताबाहेर हलवली. माझ्या व्हीपीएनचा 'भारत' सिंगापूरला होता. कोलकात्यातून सिंगापूरला जायचं आणि तिथून भारतीय म्हणून परत यायचं. एक संध्याकाळ चाललं. दुसऱ्या दिवशी सेवेने ते ओळखलं आणि पुन्हा काळा पडदा. अण्णांना उलट हायसं वाटलं. "खरा पत्ता असताना खोटा कशाला लिहायचा?"

मग लांबचा रस्ता राहिला. सेवेच्या मदतकक्षाने तीनदा ॲप काढून पुन्हा टाकायला लावलं. इंटरनेटवाल्यांचा मुलगा येऊन वायर बदलून गेला. याद्या विकणाऱ्या कंपन्यांचे दुरुस्तीचे अर्ज मी भरले. एकीने आठवड्यात बदल केला, एकीचं उत्तरच आलं नाही. तोवर माझ्या फोनचा डेटा टीव्हीला जोडून देत होते, पण तो नेमका अंक रंगात आला की संपायचा. हळूहळू अण्णा साडेसातला टीव्हीसमोर बसेनासे झाले. एका रात्री जेवताना त्यांनी विचारलं, मिरजेचं घर भाड्याने द्यायचं ठरलं आहे, ते थांबवता येईल का? नाटकाचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंटरनेट कंपनीच्या कार्यालयात जाऊन बसले. तिथल्या तरुण इंजिनिअरसमोर अण्णांचा कागद ठेवला. अण्णांनी तो रोज भरत नेला होता : पत्ता, तारीख, कोणी कुठे दाखवलं. तो म्हणाला, तक्रारी बऱ्याच येतात, पण सगळे 'नेट चोलछे ना' एवढंच सांगतात. तपासायला गेलं तर नेट चालू असतं. उपाय त्याला माहीत होता, फक्त कोणी मागे लागलं नव्हतं. त्याला जिओफीड म्हणतात. २०२० मध्ये त्याची पद्धत लिहून प्रसिद्ध झाली आहे : पत्ते ज्याच्या हातात आहेत त्यानेच ते कुठे वापरतो हे एका साध्या फाइलीत लिहून सर्वांसाठी उघडं ठेवायचं. एका ओळीत पाच जागा : पत्त्यांचा गठ्ठा, देश, राज्य, शहर, टपालाचा कोड. यादीवाले ती फाइल वाचतात. तिथे राहणाऱ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी त्याला विचारायचं, एवढंच ते तंत्रज्ञान. त्याने ती ओळ माझ्यासमोर लिहिली.

मी ती कागदावर उतरवून घरी आणली. अण्णांनी बोट ठेवून वाचली. "पाचवी जागा मोकळी का? पिन राहिला."

ती मोकळीच ठेवायची असते, मी सांगितलं. पिन लिहिला तर माणसाच्या फार जवळ जाता येतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नाटक दाखवायला घर कशाला कळायला हवं?"

अठरा दिवसांनी पडदा उघडला. अण्णांनी 'सौभद्र' पुन्हा पहिल्यापासून लावलं. मिरजेच्या भाडेकरूला आम्ही अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. माझ्या त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रुफात मी 'मायदेशी'च्या जागी 'गावी' लिहिलं.

एक यादी अजून आम्हाला बुखारेस्टमध्येच दाखवते. अण्णा अधूनमधून ती मला तपासायला लावतात आणि विचारतात, "तिकडं आता किती वाजले असतील?"