तिसऱ्या रात्रीचं घोरणं

बायपासनंतरच्या पहिल्या रात्रीची मला फारशी धास्ती वाटत नाही. घशात नळी असते, श्वास व्हेंटिलेटर देत असतो, उशाशी नर्स आणि डोक्यावर मॉनिटर. नळी काढली तरी पुढचा दिवस-दीड दिवस पेशंट आमच्या नजरेखालीच असतो. मला काळजी असते ती तिसऱ्या-चौथ्या रात्रीची. तोवर सगळे खूश असतात. पेशंट वॉर्डात आलेला असतो, मॉनिटरच्या वायरी सुटलेल्या असतात आणि नातेवाईक कौतुकानं सांगतात, 'काल काय छान झोपले, घोरत होते अगदी!'

हृदयशस्त्रक्रियेची भूलतज्ज्ञ म्हणून या वाक्यानं माझे कान टवकारतात. स्लीप ॲप्निया असलेल्या माणसाच्या घशाचे स्नायू झोपेत इतके सैल पडतात की हवेची वाटच मिटते. छाती-पोट जोर लावत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू अर्धवट जागा होतो, एक मोठा घोरका येतो आणि श्वास पुन्हा चालू. तासाला 30 किंवा त्याहून जास्त वेळा असं झालं तर आजार तीव्र समजतात. सकाळी पेशंटला यातलं काहीही आठवत नाही.

आता यावर ऑपरेशनची भर पडते. वेदनाशामक अफूजन्य औषधांनी श्वासाची ऊर्मी मंदावते. छातीचं हाड नुकतंच तारांनी बांधलेलं असतं, म्हणून पेशंटला उताणं झोपायला सांगतात. घसा बंद पडायला हीच स्थिती सर्वांत सोयीची. शिवाय स्वप्नं पडणारी झोप ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री जवळजवळ गायब होते आणि मग थकलेल्या हप्त्यासारखी व्याजासकट वसूल होते. नेमकी याच झोपेत घशाचे स्नायू सर्वांत ढिले असतात. म्हणजे धोका वाढतो तेव्हाच आमची पाळत कमी झालेली असते.

हृदयावर याचा भार कसा पडतो? बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीच्या पोकळीत जबर ओढ निर्माण होते आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या पातळ भिंती ताणल्या जातात. त्यात दर वेळी गुदमरून जागं होताना ॲड्रिनॅलिनचा झटका. बायपासनंतर साधारण चारांपैकी एकाला तरी ॲट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची बेताल धडधड, होते आणि तीही बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. स्लीप ॲप्निया असलेल्यांत ती आणखी जास्त आढळते. ठोके बिघडले की रक्ताच्या गुठळीची, पर्यायानं पक्षाघाताची भीती आली, रक्त पातळ ठेवायची औषधं आली, घरी जाणं लांबलं. श्वासासाठी पुन्हा नळी घालावी लागण्याचं प्रमाणही या पेशंटांत जास्त दिसतं. मृत्यूबाबत मात्र अभ्यासांचं एकमत नाही आणि मी कुणाला घाबरवू इच्छित नाही.

बोटावरच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नये, हे जाता जाता सांगते. नाकात ऑक्सिजनची नळी असेल तर तो 97 दाखवत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो.

हा आजार आधी ओळखायला टोरांटोच्या भूलतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस चुंग यांनी 2008 मध्ये 'स्टॉप-बँग' ही आठ प्रश्नांची यादी दिली: घोरणं, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला का, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर, पुरुष की स्त्री. त्यातली वजनाची अट, बीएमआय 35 च्या वर, आपल्याकडे जशीच्या तशी लावू नये. भारतीयांत 25 लाच लठ्ठपणा धरतात आणि जबडा आखूड असलेल्या सडपातळ माणसालाही हा आजार होतो. मी प्रश्न पेशंटला विचारते, पण उत्तर त्याच्या बायकोकडून घेते. 'मी? छे, मी नाही घोरत,' असं तो ठासून सांगत असतो आणि त्या बाई नुसत्या माझ्याकडे बघतात.

सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली जगापुढे आणलं. त्याचा गवगवा करणाऱ्यांनी 2016 चा 'सेव्ह' अभ्यास वाचावा. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या 2,700 हून अधिक लोकांत सीपॅपनं पुढचे झटके कमी झाले नाहीत. मात्र यंत्र वापरलं गेलं ते रात्री सरासरी 3.3 तास. माझ्या मते यावरून यंत्र निकामी ठरत नाही, अर्धी रात्र बाजूला पडलेलं यंत्र निकामी ठरतं.

नुसत्या संशयावरून बायपास पुढे ढकलण्याची सहसा गरज नसते. उशाकडची बाजू उंच करणं, अफूजन्य औषधं बेतानं देणं, मॉनिटर आणखी दोन रात्री ठेवणं, एवढं कुठल्याही रुग्णालयात जमतं. त्यासाठी आम्हाला आधी कळलं मात्र पाहिजे. तेव्हा घरातल्या कुणाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्यांच्या घोरण्याबद्दल भूलतज्ज्ञाला न लाजता सांगा, जमल्यास मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवा, आणि सीपॅपचं यंत्र असेल तर ते मास्कसकट रुग्णालयात घेऊन या.