बाबांचा ब्राउझर

गेल्या दिवाळीत इंदूरला घरी गेलो, तर बाबांच्या टेबलावरच्या संगणकावर आईने क्रोशाचा रुमाल घातलेला. आमच्याकडे क्रोशाचा रुमाल पडला म्हणजे ती वस्तू वापरातून गेली असं समजायचं. एरवी पोहे-जिलेबी आटोपली की बाबा दोन तास तिथेच बसायचे. "डोळ्यांना त्रास होतो," एवढंच म्हणाले. खरी गोष्ट आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितली.

पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक चौकट उगवायची, 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे', आणि खाली फोन नंबर. एक दिवस बाबांनी फोन लावला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून २,४९९ रुपये घेतले. बाबांना पैशांपेक्षा फसल्याचं जास्त लागलं. मुलगा सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? दोन महिने ते गप्प राहिले. अशा वेळी १९३० या नंबरवर लगेच तक्रार करायची असते. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण. आमचे गेले ते गेलेच.

रुमाल काढून संगणक सुरू केला आणि माझीच मान खाली गेली. आदल्या दिवाळीला त्यावर माझ्या आवडीचा ब्राउझर मीच बसवून गेलो होतो. टॅब एका बाजूला उभे, सगळं काळ्या रंगात, कीबोर्डचे ढीगभर शॉर्टकट. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला ते सोयीचं. बाबांना हवं होतं वर्तमानपत्र, बँक आणि वीजबिल.

ती चौकटही व्हायरसची नव्हतीच. बऱ्याच साइट उघडताच "सूचना पाठवू का?" असं विचारतात. बाबांना वाटायचं, हो म्हटल्याशिवाय बातमी दिसणार नाही. तशी एकोणीस साइटना त्यांनी परवानगी दिली होती. एकदा ती दिली की ते पान बंद असलं तरी जाहिराती येत राहतात, आणि त्यातच असले भामटे घुसतात.

दुसऱ्या दिवशी नवीन काही बसवण्याआधी मी तासभर नुसता शेजारी बसलो. "तुम्ही नेहमीसारखं करा बाबा, मी बोलणार नाही." न बोलणं अवघड गेलं. ते बँकेचं नाव शोधायचे आणि जो दुवा सगळ्यात वर दिसेल तो दाबायचे. तो जाहिरातीचाही असू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं. अग्रलेख उघडायचे, चष्मा कपाळावर, नाक पडद्याला, आणि चार ओळींनंतर सोडून द्यायचे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. म्हणजे डोळ्यांचा त्रासही अगदीच खोटा नव्हता.

आम्हा इंजिनिअर मंडळींत ब्राउझरवरून हिरिरीने वाद चालतात. खरं तर क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्दी या सगळ्यांच्या पोटात क्रोमियम हेच एक यंत्र आहे. फायरफॉक्सचं गेको वेगळं, ॲपलच्या सफारीचं वेबकिट वेगळं. तेव्हा पहिल्या पाचांत कोण वेगवान, हे शोधण्यात वेळ घालवू नये. फरक आहे तो वर दिलेल्या सोयींत. मी स्वतः फायरफॉक्स वापरतो, कारण जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने जोडण्यांचे नियम बदलल्यावर तिथे ते बंद पडलं. बाबांनाही फायरफॉक्सच द्यायचा, असं मी मनात ठरवलं होतं.

पण त्यांना दिला एज. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरबद्दल आमच्या पिढीच्या मनात अढी आहे. क्रोम २००८ साली आला, त्याच वर्षी मी बी. ई.ला प्रवेश घेतला. तेव्हा इंटरनेट एक्सप्लोरर आम्ही एकदाच उघडायचो, दुसरा ब्राउझर उतरवून घ्यायला. २०२२ साली तो निवृत्त झाला, तेव्हा आमच्यातलं कुणी हळहळलं नाही. एज मात्र पान मोठ्याने वाचून दाखवतो, तेही मराठीत. कंट्रोल, शिफ्ट आणि यू ही बटणं एकदम दाबायची. मनोहर आणि आरोही असे दोन आवाज आहेत.

अग्रलेख लावला. बाबा खुर्चीला टेकून डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा मनोहर इंदूरचा नाही. जोडाक्षरं फार कडक म्हणतो. पुण्याचा असावा."

बाकीचं काम अर्ध्या तासाचं. साइटना सूचनांची परवानगी मागताच येणार नाही असं केलं, अक्षर दीडपट केलं, बँक, वीजबिल आणि वर्तमानपत्र वरच्या पट्टीवर ठेवलं, म्हणजे शोधायला नको. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवला नाही. तो बाबांच्या डायरीत, कपाटात कुलपाआड आहे. माझे सहकारी हसतील, हसोत.

मागच्या रविवारी फोन केला, तर मागून आरोहीचा आवाज येत होता. मनोहर कुठे गेला, असं विचारलं.

"तुझ्या आईला ही बरी वाटते," बाबा म्हणाले. "आणि ठेव आता फोन, अग्रलेख अर्धा राहिलाय."